निजलेलं कोठार

“तोंडं वाढली तसं कोठार उतरलं, वन्सं. आणि त्यातलं एक तोंड आपणच वाजतगाजत घरात आणलं.”

असं एक सासू जात्यावर बसून आपल्या नणंदेला म्हणाली. सून भिंतीपलीकडे तांब्या घासत होती. तिने हे ऐकावं असा कोणाचा बेत नव्हता. पण बोलता बोलता सासूबाईंचा हात थांबला, हाताबरोबर जातं थांबलं, आणि जातं थांबलं की त्या घरात भिंतीपलीकडचं सारं ऐकू येई. सुनेच्या हे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ध्यानात आलं होतं. घरच्यांच्या अजून यायचं होतं.

एका राज्यात घडलेली ही हकीकत. राज्याचं नाव सांगणाऱ्याला ठाऊक नाही, आणि ऐकणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही.

त्या राज्याच्या पूर्वेला एक खोरं होतं. एके वर्षी तिथे जमिनीतून काळा धूर उठला. धुराला डोळे होते आणि तो माणसं हुंगत फिरे. खोऱ्यातली माणसं घरदार टाकून नदीपार परमुलखात गेली. खोऱ्याच्या कडेला राजाचा गड होता. तिथली माणसं राहिली, कारण धूर गडाच्या पायथ्याशी येऊन बसे, वर चढत नसे.

गडावर सत्त्वधीर नावाचा राजा होता आणि राजाचं एक कोठार होतं. धूर किती वर्षं राहील कोण जाणे, या चिंतेने राजाला घेरलं. तेव्हा निद्रानाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला.

“माग,” मांत्रिक म्हणाला.

“माझ्या कोठारातला दाणा किडू नये, बुरसू नये, नासू नये,” राजा म्हणाला.

“नासणार नाही. जसा आहे तसाच राहील. छपराखाली पुढे येईल तोही तसाच राहील.”

“बदल्यात काय घेशील?”

“कोठाराच्या तळाशी बसायला जागा.”

जागा दिली. मांत्रिक बसला. त्या दिवसापासून कोठारात दाणे पोखरणारा टोका नाही, बुरशी नाही. उंदीर आपणहून गड उतरून गेले. लोकांनी राजाचा जयजयकार केला.

पहिल्या साली कोठारातला जोंधळा पेरला. उगवला नाही. दोष धुराला दिला. पुढे धूर आपसूक विरला. पुन्हा पेरलं, उगवलं नाही, दोष मातीला दिला. मग पेरणंच सोडलं. नांगराचे फाळ भिंतीवर टांगले आणि सणाला त्यांना हळदकुंकू वाहू लागले. शेतकरी होते ते कोठारावर मापारी झाले, काही पहारेकरी झाले, आणि उरलेले मापाऱ्यांवर देखरेख करू लागले. साठा मोठा होता, माणसं थोडी होती, दिवस जात होते.

धूर विरल्याची बातमी नदीपार गेली आणि खोऱ्यातली माणसं परतू लागली.

त्यांच्यासाठी वेशीवर एक रीत घातली होती. येणाऱ्याने जवळ असेल तेवढं धान्य कोठारात ओतायचं आणि मग सगळ्यांबरोबर रोजचं माप घ्यायचं. ही रीत राजाचे कोठावळे भानुजी यांनी सुचवली होती. कोणाच्या चुलीवर जास्त नको, कोणाच्या कमी नको, असा त्यामागचा सरळ विचार. परतलेल्यांनाही तो पटला. त्यांनी गाठोडी सोडली. त्या गाठोड्यांत बियाणं होतं. परमुलखात त्यांना शेत कसायला कोणी देत नसे, म्हणून दुसऱ्यांच्या बांधांवर हातभर पट्टीत दरसाल पेरून त्यांनी ते जगवलं होतं. ते सगळं कोठारात पडलं आणि इतर दाण्यांत मिसळून गेलं. पेरणीच्या वेळी त्यांनी बियाणं मागितलं तेव्हा कोठारातलंच मिळालं. पेरलं. उगवलं नाही.

“परमुलखात राहून यांचे हात परके झाले,” गडावरचे म्हणाले. “माती ओळखत नाही यांना.”

कोठार उतरत गेलं. आधीही ते उतरतच होतं, पण आधी बोट दाखवायला कोणी नव्हतं. शेवटी राजाने दवंडी पिटवली: परतलेल्यांनी येत्या पौर्णिमेला पुन्हा नदीपार जावं. त्यानंतर पूल उचलला जाईल.

भानुजींच्या सुनेचं नाव सगुणा. धूर उठायच्या थोडं आधी, ती आणि भानुजींचा विश्राम दोघेही पाळण्यात असताना, वडीलधाऱ्यांनी त्यांचं लग्न ठरवलं होतं. मग धूर आला, आणि सगुणा आईच्या पाठीवर नदीपार गेली. ती परतली तेव्हा ठरलेला शब्द तिच्याबरोबर परतला. मोडावा तर पाप, पाळावा तर एक तोंड जास्त. भानुजींनी शब्द पाळला. सासूबाईंनी तोंड मोजलं.

सून म्हणून ती गडावर राहणार होती. तिचे आईबाप इतर परतलेल्यांबरोबर नदीच्या वाळूवर पालात होते. पौर्णिमेला ते जाणार होते, आणि एकदा पूल उचलला की त्यांची पुन्हा भेट नव्हती.

पाठवणीच्या वेळी आईने तिच्या ओटीत जोंधळा घातला होता आणि कानात म्हणाली होती, “हा बांधावरचा आहे, बाई. सगळा शिजवू नकोस. हातभर जागा मिळाली तरी पेर.” वेशीवरच्या पहारेकऱ्यांनी वऱ्हाडाची गाठोडी सोडायला लावली, पण सवाष्णीच्या ओटीत डोकावण्याची त्या राज्यात रीत नव्हती. त्यांनी माना फिरवल्या. सगुणा आत आली. घराच्या उंबऱ्यावर तिने पायाने माप लवंडलं, आणि ते धान्य सासूबाईंनी दाणा दाणा करून परत गोळा केलं. वरात तोवर दारात उभी होती.

पुढे सासूबाई म्हणाल्या, “ओटीचं काढ गं. घुगऱ्या घालू. ओटीचं घरात सगळ्यांनी खायचं असतं.”

“बरं,” सगुणा म्हणाली. त्या घरात तिचे दोनच शब्द होते, हो आणि बरं. ती आत गेली आणि अर्धंच घेऊन आली.

“व्याह्यांनी ओटीतही हात आखडला वाटतं,” आत्याबाई, म्हणजे भानुजींची बहीण, म्हणाल्या.

घुगऱ्या शिजल्या. पहिला घास घेतल्यावर पंगतीतले सगळे आपापल्या वाटीकडे पाहू लागले. कोठारातल्या धान्याने पोट भरे, पण त्याला चव म्हणून काही उरली नव्हती. इतकी वर्षं तेच खाल्ल्यावर ते कोणाच्या लक्षातही येत नसे. भानुजींनी वाटी पुसून खाल्ली. आत्याबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मीठ बरं पडलंय एवढंच म्हणाल्या.

उरलेलं अर्धं सगुणेने न्हाणीच्या पाण्यावर, भिंतीकडेला, पेरलं. ते उगवलं.

“हे कसलं तण माजलंय?” सासूबाईंनी विचारलं. “उपट ते.”

“बरं,” सगुणा म्हणाली, आणि उपटलं नाही.

भिंतीवर एक पक्षी येऊन बसला. अंग गुलाबी, डोकं काळं. कोंबांकडे एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने पाहिल्यावर तो बोलला.

“कणीस केव्हा?”

“कोण तुम्ही?” सगुणेने विचारलं.

“भोरडी. थवा मागे आहे, मी पुढे आले. दरसाल आम्ही तुमच्या राज्यावरून जातो, पण उतरत नाही. उतरून खायचं काय? यंदा वरून हिरवं दिसलं. हातभरच, पण हिरवं.”

“कणीस यायच्या आत माझी माणसं नदीपार जातील.”

“मग निद्रानाथाला निजव.”

“तो जागा आहे?”

“तो जागा आहे म्हणून धान्य निजलंय. वर दिला तेव्हा आम्ही कोठाराच्या कौलांवर होतो. ‘जसा आहे तसाच राहील,’ असं तो म्हणाला. जो दाणा नासत नाही तो रुजतही नाही. हे खालच्या माणसांना सांगायला आम्ही ओरडलो, तर त्यांनी गोफणी काढल्या.”

“वाट सांगा.”

“सांगते. बांधाकडची पहिली ओळ आमची. गोफण न मारता.”

“दिली,” सगुणा म्हणाली.

विश्राम कोठारावर मापारी होता आणि त्याची भाकरी घेऊन सगुणा रोज तिथे जाई. त्या दुपारी तिने भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि कोठाराच्या पायऱ्या उतरू लागली.

“तिकडे कुठे?” विश्राम म्हणाला. “तिकडे कोणी जात नाही.”

“का?”

विश्रामने विचार केला. “कोणी जात नाही म्हणून,” तो म्हणाला. तिची वाट पाहत त्याने भाकरी झाकून ठेवली.

तळाशी निद्रानाथ बसला होता. त्याला पापण्या नव्हत्या.

“का आलीस?”

“राजाला दिलेला वर परत घ्या.”

“तीन कामं कर, घेतो. माझ्या छपराखाली न आलेला एक दाणा जिवंत आणून दाखव.”

सगुणा घरी गेली. तिने एक कोंब मातीसकट खापरात उचलला आणि आणून त्याच्यापुढे ठेवला. निद्रानाथाने तो हुंगला.

“एक झालं. आता याच कोठारातलं धान्य आण, पण असं, की गडावर राहिलेल्या कोणी आपल्या वाट्यातून काढून परतलेल्याला दिलं असेल. मागायचं नाही. सुचवायचं नाही.”

खापर उचलून सगुणा वर आली. हे काम तिला जड गेलं, कारण त्यात करायचं काहीच नव्हतं. चंद्र वाढत होता. वाळूवरच्यांचं माप राजाने बंद केलं, आपणहून लवकर निघतील म्हणून. ती रोज भाकरी नेई, खाली मान घालून येई, आणि जातं थांबलं की काय बोललं जातंय ते ऐकत राही.

पौर्णिमा तोंडावर आली. सासूबाई अंगणात आपल्या वाट्याचं माप पाखडत होत्या. त्या धान्यात पाखडण्यासारखं काही नसे. पण हाताला सवय.

“तुझी आई वाळूवरच आहे का अजून?”

“हो.”

“जेवते काय?”

सगुणा सुपाबाहेर उडालेले दाणे वेचू लागली.

“तुला विचारतेय, भिंतीशी बोलत नाहीये मी. माप बंद झालंय ना त्यांचं?”

“हो.”

सासूबाईंनी सुपातून दोन मुठी बाजूला काढल्या. त्यांतली एक परत टाकली. मग पुन्हा काढली.

“धुराच्या वर्षी मी चिंचोके उकडून खाल्लेत. विश्राम अंगावर होता. ती चव अजून जिभेवरून गेली नाही माझ्या. म्हणून बोलते मी, उगाच कोणाचं वाईट चिंतत नाही.” त्यांनी दोन्ही मुठी सगुणेच्या पदरात टाकल्या. “विहिणीला दे. आणि वन्संना कळू देऊ नकोस, जन्मभर ऐकवतील.”

सगुणा कोठाराकडे निघाली. पालाची वाट डावीकडे होती, कोठाराची उजवीकडे. आई उपाशी आहे हे तिला ठाऊक होतं. ती फाट्यावर उभी राहिली, मग उजवीकडे वळली, आणि सारी वाट धावत गेली.

निद्रानाथाने पदरातला एकच दाणा उचलून जिभेवर ठेवला.

“खरं आहे. आनंदाने दिलेलं नाही, पण दिलेलं आहे. तेवढं पुरे. उरलेलं ज्याचं त्याला पोचव. तिसरं काम: वर ज्याने मागितला त्याच्या तोंडून ऐकायचंय, की नासलं तरी चालेल.”

आईला धान्य देऊन सगुणा तशीच दरबारात गेली. हातात खापर, खापरात कोंब. भानुजी राजाच्या उजव्या हाताला बसले होते. ते अर्धवट उठले.

“सूनबाई, तुम्ही इथे?”

“हो, मामंजी,” ती म्हणाली, आणि खापर राजापुढे ठेवलं.

“हे काय आहे?” राजाने विचारलं.

दरबाऱ्यांनी माना पुढे काढून पाहिलं. शेवटी म्हातारे प्रधान वाकून म्हणाले, “महाराज, हा जोंधळा आहे. लहानपणी मी यात लपत असे.”

“आपल्या मातीत उगवला?”

“आमच्या न्हाणीच्या पाण्यावर,” सगुणा म्हणाली. “माती तुमचीच. दाणा तेवढा कोठारात गेला नव्हता.” आणि तिने भोरडीचं बोलणं आणि निद्रानाथाची अट थोडक्यात सांगितली.

भानुजींचा चेहरा उतरला. “महाराज, माझ्या देखरेखीत या कोठारातला एक दाणा नासला नाही.”

“एक रुजलाही नाही,” खिडकीतून भोरडी म्हणाली.

राजाने कोंबाच्या पानाला बोट लावून पाहिलं. “वर परत दिला आणि सारं बुरसलं तर? हे एवढंच तर उरलंय आमच्याकडे.”

“ते संपणारच आहे, महाराज. माझे आईबाप गेले तर थोडं उशिरा संपेल. एवढाच फरक.”

“आणि पेरणार कोण? माझ्या लोकांनी फाळ टांगून पिढी उलटली. आमचे हात विसरले.”

“ज्यांचे विसरले नाहीत ते वाळूवर बसलेत. खोऱ्याची जमीन तशीच पडून आहे. त्यांना नांगर हवेत, ते तुमच्या भिंतींवर आहेत. बियाणं हवं, ते तळाशी निजलंय.”

राजा सिंहासनावरून उठला. तो कोठाराकडे चालत गेला, त्याच्यामागे दरबार गेला, दरबारामागे गड गेला. भानुजींनी कमरेची किल्ली काढली. ती त्यांच्या हातातून सुटेना. राजाने घाई केली नाही. मग भानुजींनीच दार उघडलं.

दारात उभं राहून राजा मोठ्याने म्हणाला, “निद्रानाथा, नासलं तरी चालेल.”

तळातून जांभईचा आवाज आला. “इतकी वर्षं जागलो,” मांत्रिक म्हणाला. “आता ते उठेल. मी निजतो.” त्याला पापण्या आल्या, त्या मिटल्या, आणि बसल्या जागी एक मुठीएवढा दगड उरला.

मग कोठाराला वास आला. आधी कोणाला कळेना कसला. म्हाताऱ्यांनी ओळखला: धान्याचा. दारातून एक टोका चालत बाहेर आला. भानुजींनी सवयीने अंगठा उचलला.

“राहू द्या,” राजा म्हणाला.

पौर्णिमा आली. पुलावरून कोणी गेलं नाही.

पुढचे महिने सोपे नव्हते, हेही सांगायला हवं. साठ्यातला मोठा वाटा पेरणीसाठी काढला, म्हणून गडावर आणि वाळूवर सगळ्यांचंच माप उतरलं. काही धान्य खरंच बुरसलं. आत्याबाईंनी त्याबद्दल सगुणेला पुष्कळ ऐकवलं. खोऱ्यातल्या माणसांनी फाळ पाजळले. गडावरच्यांनी नांगर हाकायला घेतला तेव्हा मातीतले पहिले तास नागासारखे वाकडे गेले. सगुणेचे वडील विश्रामला म्हणाले, “जावईबापू, बैलाला वाट विचारू नका, तोही नवाच आहे.” पेरलं. या खेपेला उगवलं.

जोंधळ्यात दूध भरलं तेव्हा आभाळ गुलाबी झालं. थवा उतरला. राखणीला माळ्यावर बसलेल्या पोरींनी गोफणी उचलल्या, पण सगुणेने हात वर केला. भोरड्यांनी बांधाकडची पहिली ओळ खाल्ली आणि थोडी दुसरीही. दुसरीवर गोफण चालली. कोणी तक्रार केली नाही.

राजाने वेशीवरची रीत बदलली. परत येणाऱ्याचं गाठोडं आता कोणी कोठारात ओतून घेत नाही. “काय वाण आणलंत?” असं विचारतात, आणि पेरायला जमीन दाखवतात. हा बदल भानुजींनीच सुचवला, आणि सुचवताना खाली पाहिलं. सासूबाईंची ती दोन मुठींची गोष्ट मात्र आत्याबाईंना अजून कळलेली नाही.

सुगी झाली. नव्या जोंधळ्याचं पहिलं दळण जात्यावर पडलं. सगुणा भिंतीपलीकडे तांब्या घासत होती. तेवढ्यात जातं थांबलं.

“नदीपलीकडून आणखी एक जथा निघालाय म्हणे, वन्सं,” सासूबाईंचा आवाज आला. “आता आणखी तोंडं.”

“आपल्या पोरीला कळलं का?” आत्याबाई म्हणाल्या.

सगुणेने तांब्या खाली ठेवला. ती आत गेली आणि दोघींच्या समोर जात्याशी बसली. तिने खुंटा धरला.

“सासूबाई, जातं थांबलं की पलीकडे सगळं ऐकू येतं. आत्याबाई, माझं तोंड मोजलं तेव्हाही मी ऐकलं होतं. आता थांबू नका, दळा. जथा उद्या पोचतोय, उपाशी असेल, आणि त्यांच्याकडे नाचणीचं बियाणं आहे. ते आपल्याकडे कोणाकडेच नाही.”